एकोणीस नंबरचं डबकं

पीएचडीच्या प्रबंधाच्या पाच प्रती बाइंडिंगला टाकल्या होत्या, त्या आणायला मी निघाले आणि रस्त्यात एका बकरीनं माझं वाटोळं केलं. तशी तिनं माझ्या अंगाला शेपटीसुद्धा लावली नाही. ती तिचं खात होती, मी माझ्या लुनावर चालले होते. एकोणीसशे नव्व्याण्णवचा एप्रिल, सकाळचे अकरा, आणि वर्ध्याचं ऊन अकरालाच माणसाची जिरवणारं. दुपट्टा तोंडाला गुंडाळून, डोळे तेवढे उघडे ठेवून मी आर्वी नाक्याकडून बाजाराच्या अंगाला वळत होते. तीन-चार पावसाळ्यांपूर्वी कुण्या मंडळानं तिथं रस्त्याच्या कडेनं झाडं लावली होती आणि दर झाडाभोवती लोखंडी जाळी उभी केली होती. झाडं केव्हाच मेली, जाळ्या तेवढ्या उरल्या. त्यातल्या एका जाळीची एक बाजू कुण्या ट्रकनं वाकवून मोकळी केलेली, आणि त्या बाजूनं अर्धं अंग आत घालून ती बकरी हरळी तोडत होती. आत घोट्याएवढी हिरवीगार हरळी. बाहेर रस्त्याच्या कडेला औषधालासुद्धा गवताची काडी नाही. मी पुढं गेले. वीस-पंचवीस पावलं गेल्यावर डोक्यात काहीतरी अडकलं आणि मी लुना वळवली.

माझा स्वभावच खराब. एखादी गोष्ट अशी का, हे कळेस्तोवर मला अन्न गोड लागत नाही. सासूबाई चारचौघींत सांगतात, आमच्या रक्षाच्या डोक्यात किडा आहे, तो वळवळला की भाजी करपते. जाळी धड असती तर काही प्रश्नच नव्हता. बकरीला आत जाता येत नाही, म्हणून आत गवत आहे. बाहेर जाता येतं, म्हणून बाहेर नाही. यावर तर माझा अख्खा दोनशे दहा पानांचा प्रबंध उभा होता, गवताच्या जागी समुद्रातलं शेवाळ आणि बकरीच्या जागी गोगलगाय एवढाच काय तो फरक. पण ही जाळी फुटकी होती. बकरी आत होती. ती गेली की दुसरी आली, तिनंही आत मुंडकं घातलं. मग ती हरळी तिथं शिल्लक कशी?

पलीकडं लिंबाखाली बकऱ्यांची मालकीण बसली होती. नाक्यामागच्या वस्तीतली रामबाई. मी तिला ओळखत नव्हते, नाव मागाहून विचारलं. मी भर उन्हात उभी राहून तिच्या बकरीकडं टक लावून पाहते आहे म्हणजे आता ही बाई भांडणार, असंच तिला वाटलं असावं, कारण ती आधीच सांगायला लागली की ते झाड तिच्या बकऱ्यांनी नाही खाल्लं, ते आपल्या मरणानं मेलं. मी म्हटलं, झाडाचं नाही, गवताचं विचारते. बकऱ्या इथं आजच आल्या का? त्यावर ती हसली.

"रोज येतात जी. सकाळ-संध्याकाळ तोंड घालतात तेच्यात. पण थे खाल्लं तरी येते. जाळीची सावली पडते, पालापाचोळा अडकून राह्यते, ओल राह्यते. बाहीर खाल्लं का खतम."

एवढंच बोलली आणि तिनं तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली. तिच्या लेखी विषय संपला होता. माझ्या कानात मात्र गुंई असा आवाज सुरू झाला. पहिल्यांदा वाटलं ऊन लागलं. मग लक्षात आलं की ऊन नाही, मला एकोणीस नंबरचं डबकं आठवलं आहे.

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो चोविसाव्या वर्षी, एमएस्सीच्या सहलीत. अल्लीपूरच्या पोरीला पाणी म्हणजे विहीर, नाला आणि पावसाळ्यात गावाबाहेर फुगणारी नदी. सगळ्या पोरी लाटांकडं धावल्या, सलवारी भिजवून खिदळायला लागल्या. मी खडकावर अडकले. ओहोटी लागली होती, पाणी खाली सरकलं होतं, आणि जाता जाता खडकाच्या खोलगट जागांमध्ये थोडं थोडं पाणी ठेवून गेलं होतं. कुठं परातीएवढं डबकं, कुठं हौदाएवढं. मी एका परातीएवढ्या डबक्याशी गुडघे टेकले ते मॅडम ओरडेपर्यंत उठलेच नाही. आत तळाशी दगडावर गुलाबीसर कडक थर बसलेला, जुन्या भांड्याला खारवट पाण्याचा बसतो तसा. हिरवं काही नाही. आणि शेजारच्याच डबक्यात, हातभर अंतरावर, हिरवं शेवाळ इतकं दाट की तळ दिसेना. पाणी तेच, खडक तोच, मीठ तेच, ऊन तेच. मग एकात आहे आणि एकात का नाही? मी बोट घालून पाहिलं. गुलाबी डबक्यात करंगळीच्या नखाएवढ्या काळ्या गोगलगाई होत्या आणि टोपीसारख्या शिंपल्या दगडाला गच्च चिकटलेल्या. त्यातली एक गोगलगाय चालत होती आणि ती गेली तिथं मागं दगड स्वच्छ चाटलेला दिसत होता. पुढं पुस्तकात वाचलं की त्यांच्या जिभेवर कानशीसारखे बारीक दात असतात. कोंब फुटायच्या आत त्या खरवडून खातात. पण त्या दिवशी पुस्तक लागलं नाही. ज्या वावरात ढोरं शिरली त्यात काय उरतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. वर्गात आम्हाला ऊन शिकवलं होतं, खारटपणा शिकवला होता, तोंड कुणीच शिकवलं नव्हतं. परत येताना गाडीत माझ्या पोटात नुसता आनंद मावत नव्हता.

मग पीएचडीला नाव घातलं तेव्हा वासुदेवराव सरांनी विचारलं, काय करणार? वासुदेवराव सर म्हणजे माझे मार्गदर्शक, आयुष्यभर इथल्या तलावांतल्या शेवाळावर काम केलेला माणूस, समुद्राचं त्यांना वावडं. मी म्हटलं, कुंपण घालणार. चोवीस डबकी घेणार, सारख्या उंचीवरची. बारांना जाळीचं कुंपण, आतल्या गोगलगाई वेचून बाहेर टाकायच्या. बारा उघडी. आणि पाहणार काय उगवतं. सर म्हणाले, हे सोपं आहे, म्हणजे चांगलं असणार. फ्रेमा बाबांनी केल्या. आमच्या बाबांचं नाव पुंडलिकराव, अल्लीपुरात तारेच्या कुंपणाला त्यांच्यासारखा हात नाही. रानडुक्कर असो की रोही, बाबांनी ओढलेली तार ओलांडून आत गेलेलं जनावर कुणी पाहिलं नाही. त्यांनी सळया वाकवल्या, तिन्ही बाजूंनी आणि वरून जाळी ताणली, चौथी बाजू उघडझाप करता येईल अशी कडीची केली. जाळी माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या दुकानातली, कारण योगेंद्रचं हार्डवेअरचं दुकान; आमचं लग्न तेव्हा नुसतं ठरलेलं होतं आणि त्यानं ती जाळी पहिल्या भेटीत दिली. लोक साडी देतात. बाबांनी त्या बारा फ्रेमा एसटीच्या टपावर बांधून दिल्या आणि गावभर सांगितलं, माह्या पोरीनं समुद्राले कुपन घातलं. मला मात्र त्यांनी कधी एक प्रश्न विचारला नाही. कशाला, कुठं, किती खोल, काहीच नाही. दर वेळी फ्रेम दुरुस्त करून द्यायचे आणि गप्प उभे राहायचे. मला वाटायचं, बापाला आपल्या कामातलं काही कळत नाही, नुसता अभिमान आहे. तेवढा पुरे होता मला.

चार हंगाम मी जात राहिले, दर अमावास्या-पौर्णिमेला, ऑक्टोबर ते मार्च. तेव्हाच ओहोटी सगळ्यात खाली जाते आणि कामाला जास्त वेळ मिळतो. अमावास्येला घरातून निघणारी सून म्हणून सासरी पहिलं वर्ष फार वाईट गेलं. सासूबाई देवापुढं दिवा लावून बसायच्या आणि मी थैली घेऊन स्टेशनवर. शेवटी मी त्यांना चंद्र आणि पाण्याचं समजावून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, मग चंद्रच काढतो म्हणायचं तुला घराबाहेर, आणि त्यावरून पुन्हा कधी बोलल्या नाहीत. त्या दिवसांत ओहोटी पडायची पहाटे आणि सकाळी, उन्हं कोवळी असताना. गार वारा असायचा. मी डबक्याशी बसून चौकट ठेवायची, गोगलगाई मोजायची, शेवाळाची उंची मोजायची, आणि पाणी परत यायच्या आत उठायची. कुंपणातल्या डबक्यांत हिरवं शेवाळ वीतभर झालं. उघड्या डबक्यांत गुलाबी दगड तसाच. इतकं स्वच्छ उत्तर की एकदा मी तिथं खडकावर एकटीच टाळ्या वाजवल्या. आणि मग तिसऱ्या हंगामात, जानेवारीत, एकोणीस नंबरच्या डबक्याची जाळी लाटेनं एका बाजूनं फाटली.

मला तो राग अजून आठवतो. फाटलेल्या बाजूनं गोगलगाई आत गेल्या होत्या. मी चरफडत वाकले, मोजल्या. दुरुस्त करायला माझ्याजवळ तार नव्हती. पुढच्या पौर्णिमेला तार नेली तर पाहते काय, गोगलगाई आतच, सुखात, आणि शेवाळ जसंच्या तसं. तेव्हा काय वाटलं मला? खरं सांगते, काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की माझा नंबर खराब झाला. कुंपण फुटलेलं वावर कुणी हिशेबात धरतं का? मी वहीत त्या पानावर तिरकी रेघ मारली आणि पुढं चोवीसऐवजी तेवीस डबकी लिहायला लागले. प्रबंधाच्या चौऱ्याऐंशीव्या पानावर त्याचं एक वाक्य आहे. जाळी तुटल्यामुळे डबकं क्रमांक एकोणीस अभ्यासातून वगळण्यात आलं.

रामबाईला मी काय म्हणाले आठवत नाही. लुना सुरू करून मी बाइंडिंगच्या दुकानात गेले, कारण पाय तिकडंच निघाले होते. घनश्याम बाइंडरनं पाचही प्रती कापडात गुंडाळून तयार ठेवल्या होत्या. मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरं, माझं नाव, खाली सरांचं नाव. त्यानं विचारलं, पेढे केव्हा? मी तिथंच उभ्या उभ्या चौऱ्याऐंशीवं पान उघडलं. ते वाक्य इतकं सभ्य दिसत होतं. इंग्रजीत तर अजूनच सभ्य. मग घरी आले, कपाटावरून जुन्या वह्या काढल्या, धूळ झटकली, तिरकी रेघ मारलेलं पान शोधलं. रेघेखालचं सगळं वाचता येत होतं. अकरा गोगलगाई. शेवाळ दाट, दीड वीत. पुढच्या पौर्णिमेला चौदा गोगलगाई. शेवाळ दाट. त्याच्या पुढच्या भेटीत मी मोजायचंच सोडलं होतं. अकरा म्हणजे उघड्या डबक्यात असायच्या त्याच्या आसपासच. म्हणजे खाणारी तोंडं तेवढीच आणि तरी शेवाळ उभं.

मी पंख्याखाली फरशीवर बसले आणि माझ्या मनात एकेक गोष्ट येत गेली. जाळीची सावली पडते. मी तिथं कधी भर दुपारी बसलेच नव्हते. अमावास्या-पौर्णिमेची माझी ओहोटी सकाळची, थंडगार. पण अष्टमीच्या सुमाराची ओहोटी ऐन दुपारी येते. पाणी फार खाली जात नाही, तरी माझी डबकी वरच्या खडकावरची, ती उघडी पडणारच. तेव्हा परातीएवढ्या डबक्यातलं पाणी किती तापत असेल? कोवळं शेवाळ त्यात उकडत असेल का? आणि माझ्या जाळीखाली तेच पाणी किती गार राहत असेल? शिवाय लाट. जाळीवर आपटून लाट मोडते, आत दगडाला पकड धरायला सवड मिळते. म्हणजे माझं शेवाळ गोगलगाईंपासून वाचलं म्हणून वाढलं, की जाळीनं त्याला घर दिलं म्हणून वाढलं? की थोडं हे आणि थोडं ते? परातीएवढ्या डबक्यात एक आणि हौदाएवढ्यात दुसरं? मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. चार वर्षं मी फक्त कुंपण आणि बिनकुंपण पाहिलं होतं. एक बाजू मुद्दाम उघडी ठेवलेलं कुंपण, ज्यात सावली आहे पण अडवणूक नाही, असं एकही डबकं मी ठेवलं नव्हतं. समुद्रानं एक करून दिलं होतं, ते मी वगळलं. कापसाच्या मुलखातली माणसं आम्ही. आमच्या लेखी कुंपण फुटलं की ते कुंपणच नाही. भीती वाटली, लाज वाटली, आणि त्या दोन्हीच्या खाली, सांगायलाही संकोच वाटतो, मला उकळ्या फुटत होत्या. कारण आता मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

सरांकडं गेले तेव्हा चार वाजले होते. सर तीस एप्रिलला निवृत्त होणार होते, म्हणजे अठरा दिवस. प्रबंध त्यांच्या सहीनं त्याआधी जायला हवा होता. गेला असता तर जूनमध्ये कॉलेजातल्या कायम जागेच्या मुलाखतीला मी पीएचडी सादर केलेली म्हणून बसले असते. सहा वर्षं मी त्या कॉलेजात तासांवर शिकवत होते, दर जूनला नव्यानं अर्ज करून. ती एक जागा निघायला सहा वर्षं लागली होती. हे सगळं सरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, कारण जागेसाठी त्यांनीच पाठपुरावा केला होता. मी वही पुढं ठेवली, बकरीचं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाले की परीक्षक दोघेही शेवाळाच्या वर्गीकरणातले आहेत, हा प्रश्न ते विचारणार नाहीत.

"मला माहीत आहे सर. पण मला पडलाय ना."

"एका डबक्यासाठी, रक्षा?"

मी म्हटलं, तेवीस डबक्यांत मला जे पाहायचं होतं तेच मी पाहिलं, ज्यानं वेगळं काही सांगितलं ते एकच होतं. सर चिडले. मला म्हणाले, तुम्ही मुलाखतीनंतर हे सगळं करू शकता, लेख लिहा, स्वतःचंच खंडन करा, कुणी अडवलं आहे? ते खोटंही नव्हतं. बरेच जण तेच करतात. मी म्हटलं, सर, नोकरी लागल्यावर मी जाणार नाही, मी मला ओळखते. समोरच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांनी पेन्सिलीनं एक चौकोन काढला, त्याला तीन बाजूंनी जाळी, मग दुसरा, त्याला नुसतं वरून छप्पर आणि बाजू सगळ्या मोकळ्या, मग तिसरा. म्हणाले, सावलीचं आणि लाटेचं वेगळं काढायचं असेल तर नुसतं छप्परही लागेल. लहान डबकी, खोल डबकी, दोन्हीत ठेवायला हवं. डोळ्यांत चमक आली होती त्यांच्या, चाळिशीतले दिसायला लागले. आणि मग एकदम त्यांना आठवलं असावं की ऑक्टोबरात ते कुणाचेच मार्गदर्शक नसणार. पेन्सिल त्यांनी हळूच खाली ठेवली. तो कागद मला दिला. म्हणाले, नवा मार्गदर्शक, नवी मंजुरी, दोन वर्षं गेलीच समजा. मी पाया पडले आणि निघाले. रस्त्यात मला रडू कोसळलं, ते दुपट्ट्यात कुणाला दिसलं नाही.

योगेंद्रला सांगितलं तेव्हा तो रात्री दुकानातून जेवायला आला होता. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं, मग विचारलं, म्हणजे तू चुकली? मी म्हटलं, माहीत नाही. मग कदाचित बरोबर असशील? माहीत नाही. मग बरोबर असशील तर दोन वर्षं फुकट? मी म्हटलं, फुकट कशी, तेव्हा कळलेलं असेल ना. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, असं गिऱ्हाइक आपल्या दुकानात आलं तर आपण त्याले नमस्कार करून वाटेले लावतो. मग थोड्या वेळानं म्हणाला, जाळी कोणती पाह्यजे, तेच माप का? जूनमध्ये ती जागा नागपूरच्या एका मुलीला मिळाली. चांगली आहे ती, शिकवते छान, आम्ही डबाही एकत्र खातो. पहिल्या दिवशी ती हजेरीपटावर सही करताना पाहिली तेव्हा मात्र मी मागं वळले, आणि बरेच दिवस ती सही करून गेल्याशिवाय त्या टेबलाशी गेले नाही.

अल्लीपूरला मी गेले ते मे महिन्यात. बाबांना सांगायचं सगळ्यात अवघड होतं. गावात त्यांनी माझी पीएचडी झाली असं आधीच सांगून टाकलं होतं. समुद्राला कुंपण घालणारी पोरगी, आणि तिचं कुंपणच खोटं पडलं, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार? बाबा आंगणात मांडवाखाली बसून ढिल्या झालेल्या एका जुन्या फ्रेमेची तार काढत होते. मी सरांचा कागद पुढं धरला आणि म्हटलं, सोळा फ्रेमा पाहिजेत, त्यातल्या आठ एका बाजूनं उघड्या, आठांना नुसतं छप्पर. बाबांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. एक बाजू उघडी ठेवली तर खाणारी आत जातील, ते म्हणाले. मी म्हटलं, जाऊ द्यायच्या आहेत. खाणारे आत असतानाही नुसत्या जाळीनं काय वाढतं ते पाहायचं आहे. कारण माझं काम अर्धवट राहिलं, मी ते आत्ता दिलं नाही, जागाही गेल्यातच जमा आहे. सगळं एका दमात बोलून टाकलं.

हातातली पक्कड बाबांनी मांडीवर ठेवली.

"कुपनाखाली गवत जास्तच येते, बाई. वावराच्या धुऱ्यावर पाह्यलं नाई का तू कधी? काट्याच्या बुडाशी ओल धरते. ढोरानं तोंड घातलं तरी फुटते."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी विचारलं, "तुमाले मालूम होतं?"

"हे कोनाले मालूम नसते?"

"मंग चार साल काऊन नाई बोलले, बाबा?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. जमिनीवरची तारेची टोकं गोळा करत राहिले. म्हणाले, पहिल्या खेपेलाच त्यांच्या मनात आलं होतं. एसटीच्या टपावर फ्रेमा बांधताना जिभेवर आलं होतं. पण माणूस कामाला निघालं की त्याला टोकू नये. पाठीमागून प्रश्न विचारला की कामाला नाट लागते, हे त्यांच्या आईनं शिकवलेलं. आणि मी तर दर वेळी निघालेलीच असायची, हातात थैली, पायात चपला, एसटीची वेळ झालेली. अमावास्येला घर सोडू नये, हे तेवढं त्यांनी माझ्यासाठी सोडलं होतं, पण मागून टोकू नये, हे त्यांच्यानं सुटलं नाही.

"अन् तू एवढी शिकेल पोरगी. मले वाटलं, समुद्रात अलग होत असन. बापानं अडान्यासारखं काही विचारावं अन् तुह्या कामात खोडा पडावा, हे मले पाह्यजे नोयतं."

मला इतका राग आला, इतका राग आला की मी उठून उभी राहिले. चार वर्षं. एक प्रश्न विचारला असता तर पहिल्याच हंगामात उघड्या फ्रेमा नेल्या असत्या, आज सरांच्या सहीनं प्रबंध गेला असता, जूनमध्ये ती जागा माझी असती. हे सगळं ओठांवर आलं. आणि त्याच वेळी मला दिसलं की मी तरी त्यांना कधी विचारलं होतं? तारेचं माप विचारलं, सळईची जाडी विचारली. बाबा, कुंपण घातल्यावर काय काय होतं, हे ज्या एका माणसाला ठाऊक होतं त्यालाच मी विचारलं नाही, कारण त्याला माझ्यातलं काही कळत नाही असं मी धरून चालले होते. माझा बाप माझं शुभ व्हावं म्हणून तोंड शिवून उभा राहिला आणि मी त्याला अडाणी समजले. राग कुठं गेला कळलंच नाही.

मी पायातल्या चपला काढल्या. थैली खाटेवर ठेवली.

"म्या आता कोठी नाई चालली, बाबा. आता टोका."

ते हसले, मग हसू आवरलं. त्यांनी पंच्यानं मान पुसली. कुठून सुरुवात करावी हे त्यांना सुचत नसावं, चार वर्षांचं साचलेलं असेल. शेवटी खाकरून, परीक्षकासमोर बसल्यासारखं सावरून बसून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं.

"त्या गोगलगाईले कोन खाते?"

मी तोंड उघडलं. खेकडे खात असावेत. मी खडकांच्या कपारींत खेकडे पाहिले होते, पण मोजले कधीच नव्हते. त्यांना माझी जाळी आत येऊ देत होती की नाही, हेही मला सांगता आलं नसतं. दोनशे दहा पानांत त्यांच्याबद्दल एक ओळ नव्हती. म्हणजे माझ्या कुंपणानं नुसते खाणारेच अडवले नव्हते, खाणाऱ्यांना खाणारेही अडवले असतील. बाबा माझ्या चेहऱ्याकडं भीत भीत पाहत होते, आपण पुन्हा काही चुकीचं बोललो की काय म्हणून.

"मले नाई मालूम, बाबा," मी म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी मातीतच बसले. "अजून विचारा."